तीन आठवड्यांची भूक

"माझं पोट भरलेलं हाय," असं म्हणताना मावशी समोर ताट नसलं तरी हाताने ताट मागे सारल्यासारखं करायच्या. ठाण्याजवळ राहनाळला आमच्या गोदामामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची खाणावळ होती. दोन हजार पाच-सहा साल असेल, मी त्या गोदामात सुपरवायझर होतो. दुपारी चाळीसेक माणसं जेवून जायची, पण मावशींना जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. अशा बाया तुमच्याही पाहण्यात असतील. आपल्या ताटातला भात संपला, हे त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळतं, आणि स्वतःचे दोन घास मात्र उभ्या-उभ्या, भांड्याच्या तळातले.

मावशींची किडनी बदललेली होती. धाकट्या भावाने आपली दिली होती. तो टेम्पो चालवायचा आणि रोज येता-जाता शेडसमोर थांबून ओरडायचा, "ताई, गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या रं! तुझी किडनी तुझ्यासारखीच हाय. येळेवर पानी न्हाय मिलालं का रुसते."

परकी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून त्या गोळ्या मावशींची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवायच्या. त्यामुळे आमच्यातला कुणी शिंकला, की मावशी झारा उगारून त्याला शेडबाहेर पिटाळायच्या आणि ताट बाहेर नेऊन द्यायच्या.

एवढं जपूनही एका जानेवारीत त्यांना कोरडा खोकला लागला. आठवड्याभरात चुलीपासून पिठाच्या डब्यापर्यंत जातानाही धाप लागू लागली. भावाने त्यांना टेम्पोत घातलं, मी मागे बसलो. कशेळीच्या खाडीपुलावर गाड्यांची रांग हलेना. मावशींचे ओठ निळसर पडलेले. भाऊ हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

ठाण्याच्या दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाच गाठणाऱ्या एका बुरशीचा. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुरशीवरचं औषध सुरू केलंय. सोबत स्टिरॉइड वाढवून द्यावं म्हणते."

भाऊ भडकला. "तिची ताकद आधीच त्या गोळ्यांनी मारून ठेवलीय, अन् तुम्ही आनखी मारता?"

"बुरशी मरताना फुप्फुसाला सूज येते. ती सूज उतरली नाही तर श्वास पुरणार नाही. थोडे दिवस द्यायचं, मग डोस कमी करत न्यायचा."

"गुण येईल ना?"

"किडनी बदललेल्यांत फायदा होतोच, असं ठामपणे नाही सांगता येणार. पण यांचा श्वास बघून मी देईन."

भावाने काचेतून बहिणीकडे पाहिलं. तिच्या छातीचा भाता जोरात चालला होता. "द्या," तो म्हणाला आणि जिन्यात जाऊन बसला. किडनी देताना हसत आत गेलेला तो माणूस हुंदके देऊन रडत होता.

तीन दिवस आम्ही बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बघत काढले. चौथ्या दिवशी सकाळी आत गेलो, तर मावशींनी मास्क बाजूला करून जेवणाच्या ट्रॉलीवाल्याला धरलेलं. "या वरनात डाल कनच्या बाजूला हाय, मना दाखव!"

आणि त्या जेवल्या! बसून, मांडी घालून! ते वरण, भाताच्या दोन मुदी, शेजारणीने नको म्हटलेली पोळी. "आनखी हाय का गो?" त्यांनी सिस्टरला विचारलं. आम्ही दोघं असे हसत सुटलो की सिस्टरने आम्हाला बाहेर काढलं.

पुढचे दिवस नुसती धमाल. रक्तातली साखर चढली, इन्सुलिन सुरू झालं, तरी भूक काही हटेना. उशीखाली बिस्किटं सापडली. "ती किडनीसाठी ठेवलीत," मावशी म्हणाल्या. दोन सिस्टरांची लग्नं त्यांनी पलंगावरूनच ठरवली, पैकी एकीचं आधीच झालं होतं. सुकटीची चटणी कशी करायची, हे वॉर्डभर मोठ्याने सांगितलं. गाल वाटोळे झाले. आरसा मागवून त्या स्वतःलाच म्हणाल्या, "बग गो, काय झकास दिसते!"

भाऊ घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेला. "बाई, ही येडीबिडी झाली का?"

"कुणाकुणाला स्टिरॉइडने असा हुरूप येतो, भूकही वाढते. डोस उतरला की कमी होईल."

मावशींनी पलंगावरून ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, जरा हलूहलूच उतरवा. एवरी मजा मना कदी आली न्हवती."

तिसऱ्या आठवड्यापर्यंत डोस उतरला, बडबड ओसरली, श्वास मोकळा झाला. मावशी खाणावळीत परतल्या. पण आता आधी एक पाट मांडून स्वतः जेवायच्या, मग आम्हाला वाढायच्या. उशीर झाला म्हणून कुरकुर करायची कुणाची छाती नव्हती.

पुढे मला नाशिकला नोकरी लागली. नंतर रस्ता रुंद झाला, त्यात ती शेड गेली, आणि मावशींचा माझा संपर्क राहिला नाही.

त्याआधी त्यांना शेवटचं पाहिलं ते भावाच्या मुलीच्या हळदीला. डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली होती, म्हणून भावाने त्यांना गच्चीवर खुर्ची टाकून बसवलेलं. खाली बेंजो वाजू लागला, सगळं गाव नाचू लागलं. मी वर पाहिलं, तर खुर्ची रिकामी. तोंडाला रुमाल बांधलेल्या मावशी पदर खोचून, सगळी गच्ची घेऊन एकट्याच नाचत होत्या. मांडवातली हळदीने पिवळी झालेली नवरी मान वर करून त्यांचे हात बघत होती आणि खाली तस्सेच हात फिरवत होती.