पुसलेल्या खुणा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली ‘इंचबाई’ म्हणते, कारण पाव इंच इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नाही. आमचं शिवणकामाचं दुकान. कापणं-शिवणं त्यांचं, काज-बटणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझं. रोज आंघोळ झाली की त्या प्रार्थना म्हणतात, मगच दुकान उघडतं. माझं मात्र आई गेल्यापासून देवाशी बोलणं बंद आहे. प्रार्थना रोज कानावर पडते म्हणून पाठ झाली, एवढंच. तशा रेडिओवरच्या जाहिरातीही मला पाठ आहेत.

तर त्यांच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन त्यांनी गुमान सोसलं. मग रेडिएशन ठरलं. आधी दवाखान्यातल्या मशीनवाल्या बाईंनी मापं घेतली, छातीवर शाईने खुणा केल्या आणि बजावलं, ‘‘किरण नेमके इथेच पडायला हवेत. खुणा पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही.’’ जाऊबाईंनी मान डोलावली. जिने जन्मभर कापडावर खडू मारला तिला हे काय सांगायचं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं रेडिएशन. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, दुकानातच इस्त्री करत बसले होते. त्यांना आणलं असतं तर त्यांनाच सांभाळावं लागलं असतं. दवाखान्याचा झगा घालायला मी जाऊबाईंना मदत करायला गेले आणि पाहते तर काय, छातीवर एक रेघ नाही! घासून घासून कातडी लाल झालेली.

‘‘अहो, हे काय करून ठेवलंत?’’ मी ओरडलेच.

‘‘सवयीने झालं गं. शिवून झालं की खडू झटकतेच ना मी.’’

‘‘शिवून झालं? अजून टाका तरी पडलाय का?’’

त्या हसल्या नाहीत. मशीनवाल्या बाई आल्या, कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘‘आता पुन्हा मापं घ्यावी लागणार. आज काही होत नाही, उद्या या.’’ ‘उद्या’ ऐकल्यावर जाऊबाईंनी असा काही सुटकेचा सुस्कारा सोडला की मला कळून चुकलं, हा विसरभोळेपणा नव्हता.

बाहेर बाकावर मी विचारलं, ‘‘मुद्दाम पुसल्यात ना?’’

त्यांनी रेडिएशनच्या खोलीकडे बोट केलं. ‘‘त्या खोलीचं दार बघितलंस? भिंतीएवढं जाड. मला झोपवून सगळे बाहेर पळतात गं. ते ज्याला घाबरतात त्याच्यासमोर मी एकटी. काल नुसती मापं घेताना प्रार्थना म्हणायला गेले, तर एक शब्द आठवेना. इतकी वर्षं म्हणतेय, आणि नेमक्या वेळी डोकं कोरं. देवसुद्धा त्यांच्याबरोबर बाहेर गेला असं वाटलं. मी नाही जायची आत. मेले तर मेले.’’

एरवी मी चार शब्द सुनावले असते. पण आई गेल्यापासून ‘बये, जेवलीस का’ असं विचारणारं मला दुसरं कोणी नाही. या गेल्या तर मी काय करू?

मी उठून मशीनवाल्या बाईंना गाठलं आणि विचारलं, बाहेरून बोललेलं आत त्यांना ऐकू जाईल का. त्या म्हणाल्या, ‘‘आत स्पीकर आहे. आम्ही बाहेरून बोलतो तसं तुम्हीही बोला.’’

दुसऱ्या दिवशी नव्या खुणा झाल्या. जाऊबाई जीव मुठीत धरून आत गेल्या. दार लागलं. बाहेरच्या पडद्यावर त्या एवढ्याशा दिसत होत्या. ओठ हलत होते, पण त्यांतून काही निघत असेल असं वाटत नव्हतं. मी माईकसमोर बसले आणि प्रार्थना सुरू केली. आधीच माझा आवाज फाटका, त्यात कापत होता. निम्म्यावर आले तोच मशीन घरघरत त्यांच्याभोवती फिरायला लागलं, आणि पुढची ओळ माझ्या डोक्यातून साफ उडाली. गप्प बसायची सोय नव्हती. त्या ऐकत होत्या.

‘‘हिला नेऊ नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘ऐकतोयस ना? हिला नेऊ नकोस.’’

मग कशीबशी पुढची ओळ आठवली.

दार उघडलं. जाऊबाई झगा सावरत बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक.

‘‘मधलं ते प्रार्थनेत नाहीये,’’ त्या म्हणाल्या.

‘‘माहितीये मला.’’

त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं गारठलेली.

‘‘उद्याही म्हण,’’ त्या म्हणाल्या.