ऑरिन व्लासाकची उत्तरं

आमचं कॉलेज अमेरिकेतल्या नेब्रास्कात, चारी बाजूंनी मका. तिथल्या प्रश्नमंजूषेच्या संघात आम्ही चौघं होतो: कप्तान मारिट, विज्ञान सांभाळणारा डेल, मी आणि इतिहास-भूगोलाचा ऑरिन व्लासाक. सरावात ऑरिन उत्तरं कागदावर लिहायचा आणि ती बहुतेक बरोबर असायची. स्पर्धेत मात्र हात बझरवर, नजर टेबलावर आणि तोंड बंद.

तो बोलताना अडखळतो, हे आम्हाला माहीत होतं. पण त्याचं गप्प बसणं मारिटला खटकलं ते शेजारच्या राज्यात, डी मॉइनच्या स्पर्धेत. प्रश्न आमच्याच प्लॅट नदीवर होता. ऑरिनचं घर तिच्या काठावर. आम्ही तिघं अजून अंदाज बांधत होतो, तो नुसता बसून राहिला. समोरच्यांनी बझर दाबला, दहा गुण घेतले आणि सामनाही नेला.

परतताना गाडी आमच्या प्रशिक्षक हॉगनबाई चालवत होत्या. मारिट मागे वळली.

"तुला येत होतं ना?"

"हो."

"मग दाबला का नाहीस, गाढवा?"

ऑरिननं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "नाव 'प'वरून आहे. बझर दाबला की लगेच ब-बोलावं लागतं. 'प' मला लगेच येत नाही. म्हणून तर मी 'स' आणि 'ल'वरून नाव असलेल्या राजांबद्दल जास्त वाचतो."

डेल हसला. पण ऑरिन थट्टा करत नव्हता.

"आयोजकांना आधी सांगितलं तर जास्त वेळ देतात," बाई म्हणाल्या. "मी बोलते त्यांच्याशी."

"नको बाई. सगळे माझ्याकडे बघत बसतील."

"बघू देत की!" मारिट म्हणाली. "माझ्या हिरव्या केसांकडे काय कमी बघतात?"

"केस तू ह-हौसेनं रंगवलेस."

मारिट पुन्हा पुढे वळून बसली. त्यानंतर ऑरिन सरावाला यायचा बंद झाला. शेवटी मारिट मला ओढत कँटीनमध्ये घेऊन गेली. तो एकटाच बसला होता. ती समोर बसली आणि त्याच्या आईनं पाठवलेला कोलाचे हा जॅम भरलेला गोड पाव सरळ उचलून खायला लागली.

"चिडलायस?"

"हो."

"मी ओरडायला नको होतं."

"नाही, ओरड तू. बाकी सगळे माझ्याशी फार समजूतदारपणे ब-बोलतात. कंटाळा आलाय त्याचा."

पुढच्या सरावाला तो आला. वेळ मागण्याचा विषय मात्र कुणीच काढला नाही.

फेब्रुवारीत विभागीय स्पर्धा होती. पहिल्या सामन्याआधी ऑरिन उठला आणि प्रश्न वाचणाऱ्या माणसासमोर जाऊन उभा राहिला. बाई उठणार होत्या, मारिटनं त्यांची बाही धरली. "मी अडखळतो, मला वेळ लागेल" एवढंच त्याला सांगायचं होतं, त्यालाही बराच वेळ गेला. माणसानं चष्मा पुसला. "बरं. तू सुरुवात कर, मी थांबतो."

सामना अटीतटीचा झाला. प्रश्न एका राजधानीचा होता. अर्ध्यातच ऑरिननं बझर दाबला. "बु... बु..." त्याची मान ताठ झाली, डोळे मिटले. समोरची चौघं हलेनात.  अखेर शब्द सुटला: "बुडापेस्ट!"

"चूक. उणे पाच."

समोरच्या मुलीनं प्रश्न पुरा ऐकून घेतला आणि "बुखारेस्ट" म्हणून टाकलं.

क्षणभर खोलीत कुणाला कुठे बघावं कळेना. मग मारिट ओरडली, "अरे शहाण्या, एवढं थांबवलंस, निदान बरोबर तरी सांगायचंस!" ऑरिनला असं हसू फुटलं की वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न दोनदा सुरू करावा लागला.

त्या दिवशी त्याची आणखी चार उत्तरं चुकली आणि पुष्कळ बरोबर आली. आम्ही चौथे आलो. राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं नाही. मारिट गाडीत रडली, डेल तिला चिडवत राहिला.

ऑरिन आता, इतक्या वर्षांनी, कालव्याच्या पाण्याचं काम बघतो. त्याला सतत शेतकऱ्यांच्या बैठकांत बोलावं लागतं. अडखळणं गेलेलं नाही. त्याचं बोलणं लांबलं की लोक हातातल्या टोप्या फिरवत बसतात. गेल्या हिवाळ्यात मी अशा एका बैठकीला गेलो होतो. ऑरिन एका शब्दावर अडला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं घाईघाईनं त्याचं वाक्य पुरं करून दिलं.

"नाही, आजोबा," ऑरिन शांतपणे म्हणाला, "मला ते म्हणायचं नव्हतं." आणि त्यानं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.