गळ्यातलं डब्यात

पॅकिंग खात्यात हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्यामुळे किस्से साठतातच. मुरबाडजवळच्या आमच्या कंपनीत तर त्यांना तोटा नव्हता. मुलीचं लग्न झालं की नोकरी गेली, असा तिथला नियम होता.

म्हणून आम्ही सगळ्या कुमारी! धसईहून एसटीत बसलं की मंगळसूत्र काढून डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवायचं, परतताना घालायचं. एकदा माझा आणि मैत्रिणीचा, वनिताचा, डबा बदलला. सासूबाईंनी माझा गळा निरखला आणि विचारलं, "या वाट्या आपल्या नायत गो. कुणाचा नवरा घेऊन आलीस?"

*

गेटवर सुपरवायझर मॅडम आमचे गळे बघायच्या. त्यांना त्यांचा भाऊ रोज बाइकवरून सोडायचा. मुलगा देखणा, शांत. मी धीर करून माझ्या आतेबहिणीसाठी विचारलं. मॅडम घाईने म्हणाल्या, "त्याला इतक्यात लग्न करायचं नाही."

*

वनिता पकडली गेली ती नवऱ्याच्या प्रेमापायी. ती डबा विसरली, म्हणून तो बिचारा भर उन्हात गेटवर आला आणि वॉचमनला म्हणाला, "मिसेसला द्या." दुपारी तिचं पोट भरलं, संध्याकाळी नोकरी गेली. घर तिच्या पगारावर चालायचं. ती कोर्टात गेली, आणि आता आपला नंबर लागणार म्हणून आमची झोप उडाली.

*

बऱ्याच तारखा झाल्यावर ती शहापूरच्या वकीलबाईंना भेटून आली आणि म्हणाली, "तडजोड झाली." आमचे चेहरेच पडले. तडजोड म्हणजे माघार, एवढंच आम्हाला ठाऊक. तिने नीट सांगितलं. कंपनी चूक कबूल करणार नाही, पण तिला परत घेणार आणि यापुढे कुणालाच लग्नाचं विचारणार नाही.

मला रागच आला. चुकलो म्हणायला यांचं काय जातं? वनिता म्हणाली, "त्यांची कबुली घेऊन मी काय चुलीत घालू? मला काम पायजे व्हतं, ते मिळालं." मग मात्र मी तिला मिठी मारून रडले. किती वर्षांनी छाती मोकळी झाली.

*

सोमवारी आम्ही सगळ्या मंगळसूत्रं घालून गेटवर उभ्या राहिलो, वनिता सर्वांत पुढे. तेवढ्यात मॅडमची बाइक आली. मॅडम उतरल्या, पदर सारखा केला. गळ्यात काळे मणी.

आमच्याकडे न बघता त्या मागे वळून भावाला म्हणाल्या, "अहो, संध्याकाळी जरा लवकर या."