अनंताचा राब

राब भाजायचा म्हटलं की अनंता अजून धास्तावतो. शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यात मी त्याचा शेजारी, म्हणून मला माहीत.

भाताच्या रोपासाठी जमिनीवर शेण, पाला, गवत अंथरून भाजायचं, तोच राब. पेटवायचा वाऱ्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे आग सावकाश चालते. हातात ओला डहाळा धरून उभं राहायचं आणि बांधाबाहेर ठिणगी गेली की झोडपायची. अनंता गेल्या चैत्रात उभा होता खरा, पण एका हातात डहाळा आणि दुसऱ्यात मोबाइल. हा गडी जेवतानाही त्यात बघत भाकरी कालवणाऐवजी पाण्यात बुडवायचा. आम्ही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

सकाळची वेळ. त्याची सहा वर्षांची रेश्मा बांधापलीकडे मोहाची फुलं वेचत होती. वारा फिरला. धूर डोळ्यांत गेला तेव्हा अनंताने मान वर केली, तर बांधापलीकडचं सुकं गवत पेटलेलं आणि मोहाभोवती धूरच धूर.

"रेश्मा, ओ दे गो!"

ओ आली नाही. तो अनवाणीच आगीत शिरला. मी मागून धावलो. झाडाखाली टोपली सापडली, अर्धी जळलेली. पोर नव्हती. अनंता हातांनी राख उकरायला लागला.

आरडाओरडा ऐकून त्याची बायको जिवली घरातून धावत आली. कडेवर रेश्मा.

"मी बाबाला सांगलं होतं," रेश्मा म्हणाली. "पाणी प्यायला घरी जातंय. बाबा हो बोलला."

अनंताच्या तळपायांची कातडी सोलली होती. तो एवढंच विचारत राहिला, "मी हो बोललो?"

तेव्हापासून मोबाइल भाताच्या कणगीवर असतो. संध्याकाळी ओट्यावर बसून निकडीचे फोन करायचे आणि परत ठेवायचा. सुरुवातीला हात सारखा रिकाम्या खिशात जायचा. मन शांत होईल असं त्याला वाटलं होतं, पण आधी भीतीच वाढली. साधा पाला वाजला तरी दचकायचा. मग हळूहळू त्याला बाकीचंही ऐकू यायला लागलं. जिवलीचा खोकला किती जुना आहे, हे त्याला पावसाळ्यात कळलं.

यंदा पुन्हा राब रचला. अनंताने काडी हातात घेतली. रेश्माने आधी त्याचे दोन्ही हात नीट पाहिले, मग म्हणाली, "बाबा, मी घरी जातंय."

"रेश्मा घरी चालली," तो मोठ्याने म्हणाला. "जा. तू आत गेल्याबिगर मी पेटवत नाय."

तो काडी तशीच धरून बघत राहिला. घर शंभर पावलांवर. तेवढ्यात ती तीनदा मागे वळली, बाप खरंच बघतोय का ते पाहायला.