पुजून फेकलेल्या फांद्या

वडीगोद्रीजवळच्या त्या गावात वटपौर्णिमेला वड घरी यायचा. अख्खा नव्हे, फांदीपुरता. गावचा एकुलता एक वड रस्ता रुंद होताना गेला होता. बायका अंबडच्या बाजारातून फांदी आणायच्या, कुंडीत खोचून सूत गुंडाळायच्या, सात जन्म हाच नवरा मागायच्या आणि दुसऱ्या दिवशी फांदी उकिरड्यावर फेकायच्या. सात जन्मांची हमी देणाऱ्याला मुक्काम एका रात्रीचा!

झुंबरबाईला हे बघवेना. ती टोपल्यात फांद्या गोळा करू लागली.

"काय करून राह्यली गं?" नवरा बद्रीनाथ म्हणाला. "मी एकटा पुरंना, म्हणून लोकायचे नवरे बी गोळा करती का?"

"एकाचा काय भरवसा?" झुंबरबाई म्हणाली.

गावासमोरच्या टेकडीवर हिरवं म्हणावं असं एकच होतं: वृक्षारोपणाच्या पाटीवर काढलेलं झाड. तिथं वड उभे करीन, मंग सगळ्या तिथंच पुजा, असं तिनं बायकांना सांगून टाकलं. शेजारीण प्रभावती खो खो हसली. "तवर आमचे नवरे काठी टेकत येतील!"

पहिल्या वर्षी सगळ्या फांद्या वाळल्या. पुजलेली पानं तोडायची कशी, म्हणून झुंबरबाईनं त्या पानांसकट, सुतासकट उन्हात रोवल्या होत्या. पुढच्या वर्षी तिनं भक्तीला जरा आवर घातला. पानं काढली, अंगठ्याएवढ्या जाड कांड्या कापल्या, चीक वाळू दिला, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळूमाती भरून त्या लावल्या आणि वर आपलं ओलं लुगडं ताणलं.

"माझ्या डोक्यावर कधी एवढी सावली धरली न्हाई," बद्रीनाथ कुरकुरला.

"तुम्हाला कुठं मुळ्या फुटणार हायेत?"

कांड्यांना मात्र फुटल्या. टेकडीवर रोपं गेली, भोवती काटे लागले. उन्हाळ्यात झुंबरबाई डोक्यावरून पाणी नेई आणि बद्रीनाथ मागून सल्ले नेई. रोपं कमरेला लागली. त्या वटपौर्णिमेला ती ऐटीत पूजेचं ताट घेऊन वर चढली, आणि बघते तर एकाही रोपाला शेंडा नाही!

"अगं, तूच म्हणली ना टेकडीवरचा वड पुजा?" खाली प्रभावती निरागसपणे म्हणाली. "माझे गुडघे दुखत्यात. पोराला धाडून सगळ्यायसाठी खाली आणवला."

झुंबरबाई ओट्यावर मटकन बसली. बद्रीनाथनं चेष्टा सोडली आणि टोपलं उचललं. दारोदार ओरडत फिरला, "फांदी कोणी फेकायची न्हाई! जी फेकंल तिच्या नवऱ्याला सातही जन्म माझ्यासंगं पत्ते खेळायला बसवीन!"

धमकी जबर होती. दुसऱ्या सकाळी अंगणात फांद्या घेऊन बायकांची रांग. पुजलेली पानं तोडायला प्रभावती कचरली.

"आधी हात जोड, मंग तोड," झुंबरबाई म्हणाली.

त्या फांद्याही लागल्या. शेंडे मोडलेल्या रोपांना बाजूनं नवे फुटवे आले. यंदा सगळ्या बायका टेकडीवर चढल्या. सर्वांत पुढं, गुडघ्यांसकट, प्रभावती. आपल्या वडाला सूत गुंडाळून ती गरजली, "पानाला हात लावला तर खबरदार!"

"आमच्या बाईनं उकिरड्यातून रान उचललं," बद्रीनाथ भोकरदनहून आलेल्या पाहुण्याला छाती फुगवून सांगत होता.

झुंबरबाईनं सगळं ऐकलं. पदर सावरला, मान ताठ केली आणि रिकामी घागर त्याच्या हातात दिली.

"छाती भरली आसंल, तर आता ही बी भरून आणा."