शुक्रवारचं ड्रिल बुधवारी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी ती दुसऱ्या कोणावर तरी ढकलेन. तशी सवय आहे.

बुधवारी सकाळी सव्वाअकराला मी सायरनचं बटण दाबलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात थिनर बनतं, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण. एका ठिणगीत पेटणारं. मी तिथला सेफ्टी ऑफिसर. सायरन वाजला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी असेम्ब्ली पॉइंटला, म्हणजे गेटजवळच्या मोकळ्या जागेत, जमायचं. या सरावाला मॉक ड्रिल म्हणतात.

पहिल्या मिनिटाला तिथे मी एकटा होतो. दुसऱ्या मिनिटाला गेटवरचा कुत्रा आला. तिसऱ्या मिनिटाला इलेक्ट्रिशियन पाटील स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावत आला.

"सर, टेन्शन नका घेऊ. सायरन बिघडलाय, आत्ता बंद करतो."

"बिघडला नाही रे. ड्रिल आहे."

"ड्रिल शुक्रवारी ना? तुम्हीच ग्रुपवर टाकलंय."

टाकलं होतं. दरवेळी टाकतो. 'शुक्रवार, सकाळी अकरा, मॉक ड्रिल, नंतर चहा-समोसे.' मग शुक्रवारी पावणेअकरापासूनच लोक डबे आवरून तयार असतात. फोटो निघतात म्हणून काही जण इस्त्रीचा शर्ट घालून येतात. रिपोर्टमध्ये वेळ सुंदर येते.

मग बुधवारी का वाजवला? कारण आदला रविवार. बदलापूरला, कात्रपमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, भरते. पाळक गावाला गेले होते, म्हणून उपदेश माझ्याकडे आला. विषय पश्चात्तापाचा. प्रभू कोणत्या घटकेला येईल ते कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा मन आजच पालटा, असं मी चाळीस मिनिटं सांगितलं. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "आग काय तारीख कळवून लागते?" पुढच्या बाकावरच्या दोन आजोबांनी 'आमेन' म्हटलं. मला बरं वाटलं.

घरी जाताना रिक्षात बायकोने माझ्या मोबाइलमध्ये डोकावलं.

"अहो, तुम्ही तर कळवता."

"काय?"

"तारीख. समोशांसकट."

सोमवार-मंगळवार ते समोसे माझ्या पोटात दगडासारखे बसले. म्हणून बुधवार.

तोवर सेठ बाहेर आले होते. आमचे सेठ उल्हासनगरचे सिंधी. "साळवे, ये क्या लगा रखा है? गाडी लोडिंगला उभी आहे."

"सेठ, ड्रिल."

"आज? बिना समोसा?"

तेवढ्यात पॅकिंगच्या मागून धाडधाड आवाज आला. लोखंडी दारावर कोणीतरी मुठी मारत होतं.

साऱ्या कारखान्यात सायरन खरा मानणारी एकच व्यक्ती निघाली. पॅकिंगच्या सुपरवायझर कांबळे ताई. त्या विहारात जाणाऱ्या. माझा उपदेश त्यांनी कधी ऐकलेला नाही. भिंतीवरच्या नकाशाप्रमाणे चार बायकांना घेऊन त्या मागच्या इमर्जन्सी दाराकडे गेल्या. नकाशा मीच लावलेला.

आणि दार बाहेर उघडणारं, तर बाहेर भरलेल्या ड्रमच्या दोन रांगा. सेठनी 'चार दिवसांसाठी' ठेवलेल्या, त्याला दोन महिने झाले. ताईंनी मला तीनदा सांगितलं होतं. मी तीनदा 'बघतो' म्हणालो. आणि महिन्याच्या चेकलिस्टवर 'इमर्जन्सी एक्झिट मोकळा' यासमोर खुर्चीतून न उठता टिक करून सही ठोकली.

मी मागे धावलो. दार चार बोटं उघडलं होतं. फटीतून ताईंचा घामेजलेला चेहरा दिसला. मागे कोणीतरी रडत होतं.

"आग कुठे लागलीय, साहेब?"

"नाही लागली ताई. ड्रिल आहे."

त्या म्हणाल्या, "म्हणजे आज वाचलो."

दर रविवारी मी सगळ्यांबरोबर पापांगीकार, म्हणजे पापं कबूल करायची प्रार्थना, म्हणतो. एका दमात, कुठे अडखळत नाही. इथे मात्र तोंडातून भलतंच निघालं.

"ताई, ते सिस्टीममध्ये थोडी त्रुटी राहिली, त्याबद्दल..."

"सिस्टीम कोण? मी तर तुम्हाला सांगितलं होतं."

"हो, म्हणजे आमच्याकडून..."

"माफी नंतर मागा. आधी ड्रम हलवा."

सेठ म्हणाले, "ताई, पुढच्या दाराने या ना." ताई म्हणाल्या, "नाही. नकाशात हेच दार आहे." आणि त्या आत खाली बसल्या.

मग मी, पाटील आणि खुद्द सेठ, अशा तिघांनी ड्रम काठावर तिरके करून एकेक फिरवत नेले. सेठचा पांढरा शर्ट काळा झाला. पश्चात्तापावर बोलायला मला चाळीस मिनिटं पुरली होती. ड्रम हलवायला त्याहून जास्त लागली.

दार सताड उघडलं. पाच जणी शिस्तीत चालत असेम्ब्ली पॉइंटला जाऊन उभ्या राहिल्या. मी स्टॉपवॉच बंद केलं. बावन्न मिनिटं. रिपोर्टमध्ये तेच लिहिलं.

आता मात्र सगळी शिफ्ट जमली होती, तमाशा बघायला. धाप लागली होती, तरी मी मोठ्याने म्हणालो, "ताई, तुम्ही तीनदा सांगितलंत. मी दार न बघता सही केली. सिस्टीम वगैरे कोणी नाही, मीच होतो. मला माफ करा."