सखाने फोडलेला नारळ

कुंडलिकेच्या पुलावर उभं राहिलं की एका अंगाला रोहा, दुसऱ्या अंगाला अष्टमी. अष्टमीचा सखा लग्नाचे मांडव घालायचा. त्याच्या मांडवात मी बसलो आहे. उन्हातून आत शिरलं की आंब्याखाली आल्यासारखं वाटायचं. कापड, झालरी, खुर्च्या, सगळा माल तो पेणच्या दिनानाथशेठांकडून विकत घेई आणि गावोगाव भाड्याने देई. रोह्याला रेल्वे आली, त्या सुमारास शेठांनी रोह्यातच दुकान काढलं. माल विकायला नव्हे, मांडव घालून द्यायला.

आणि उद्घाटनाचा नारळ फोडायला बोलावलं, तेही सखालाच.

"माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक तू," शेठ म्हणाले. "मान तुझाच."

सखा घरी येऊन बायकोला म्हणाला, "रंभा, हा मान हाय का थप्पड?"

"मला काय इचारता? नारळ फोडा, नायतर त्याचं डोकं फोडा."

सखा गेला. मान नाकारावा कसा? आणि नाकारला तर उद्या कापड कोण देणार?

नारळ एका घावात फुटला. टाळ्या वाजत होत्या, तेवढ्यात हैबतराव पुढे आले. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. सखाचा सगळा हंगाम त्या एका मांडवाच्या आशेवर होता. दारात, हातात नारळाची कवड घेऊन उभ्या असलेल्या सखाला पाहून ते मोठ्याने म्हणाले, "वा रे सखा! एवढं दुकान टाकलंस आणि बोललास नाय? घे, पोरीचा मांडव तुझ्याकडंच!"

दुकान माझं नाही, असं सखाला म्हणायचं होतं. पण ज्या दारात आत्ताच नारळ फोडला, तिथली पहिली बोहणी परतवायची? ते काही त्याच्या जिभेवर येईना.

"व्हय," तो म्हणाला. "लिहून घ्या."

शेठांनी लिहून घेतलं. मग सखाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मांडव तूच उभार. मजुरी देईन." सखाने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कपट कुठे दिसेना. दिसलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

घरी रंभा उंबऱ्यातच उभी होती. "हैबतरावांचा मांडव मिळाला?"

"मिळाला."

"मग तोंड असं का?"

"कोणाला मिळाला, तेच समजत नाय गो."